अनुदान गुहागरला, ताप मिरजोळ्याला

...नाही, पण निवड कोणाची व्हावी? रुपाली चोगलेची! गुहागरच्या रुपालीची! अहो, जिचा वर्ग बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात भरतो, जिथे पावसाळ्यात आतसुद्धा छत्री लागते, तिची! आणि आमच्या सदू पाष्टेचं काय? मिरजोळ्याला, एमआयडीसीत, अगदी रस्त्याला लागून त्याची संस्था, एसी हॉल, फिरत्या खुर्च्या, भिंतीवर पडदा, उभी हयात गेली माणसाची पोरांना वायरिंग शिकवण्यात, आणि निवड कोणाची? रुपाली चोगलेची!

तुम्हाला सांगतो, योजना साधी होती. सौर ऊर्जेची कामं शिकवायची, म्हणजे छपरावर प्लेटा बसवा, पंप जोडा, बॅटऱ्या सांभाळा, आणि जिल्ह्यातल्या एका संस्थेला सरकार त्यासाठी अनुदान देणार. एकाच हो! आता ती एक कुठली ते ठरवायला समिती. सदूचं म्हणणं काय, तर समिती म्हणजे दुसरं काय असतं? मुलगी बघायला आलेली माणसं! घर बघतात, पोहे खातात, कळवतो म्हणतात. मग त्याने काय केलं, हॉलला रंग काढला, दारात हाऽ एवढा बॅनर, त्यावर सूर्य, सूर्याशेजारी सदू, आणि सूर्यापेक्षा सदू मोठा! सुरमई तळायला घातली. समितीच्या बाई आल्या, म्हणाल्या, "आम्ही डबा आणलाय." झालं! तिथेच खरं तर ओळखायला हवं होतं... पण सदूच तो.

बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे शिकलेली मुलं आता कुठे असतात?"

सदूची छाती अशी फुगली! "मॅडम, एक अंधेरीला, एक दुबईत, एक तर मस्कतला, घर बांधलं त्याने!"

"आणि रत्नागिरीत?"

"रत्नागिरीत..." सदूने घाम पुसला, एसी चालू असताना बरं का! "रत्नागिरीत मी आहे ना!"

"मुली किती शिकल्या?"

"मुलींसाठी वेगळं बाथरूम आहे, मॅडम."

"हो, पण मुली?"

"मुली नाहीत. बाथरूम आहे."

आता बोला!

पण निकाल लागल्यावर माणूस असा भडकला, असा भडकला, थेट कचेरीत. तिथले साहेब बिचारे शांत. "सदूभाऊ, बसा. गुण हॉलला नव्हते. माणूस शिकल्यावर त्याला इथल्या इथे काम मिळेल का, हे बघायचं होतं. त्या बाईने होमस्टेवाले, बोटवाले, बागायतदार, सगळे समितीसमोर आणून उभे केले. आम्ही ह्या मुलींना कामाला घेऊ, असं ते तोंडाने बोलले हो! तुमच्यासाठी कोण उभं होतं?"

सदू टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागला.

"बॅनर होता," साहेब म्हणाले.

घरी आला तर जेवणावर राग. काशीवहिनी, म्हणजे त्याची बायको, भाकरी वाढतेय आणि हा त्या भाकरीचे असे तुकडे करतोय की जणू भाकरीच समितीवर होती. वहिनी म्हणाली, "काय वो, तिला मिळाला तर मिळू दे. तुमच्या पोटात कशाला दुखताय?" "दुखत नाय! न्यायाचा प्रश्न आहे!" न्यायाचा! अहो, ह्या न्यायाच्या प्रश्नापायी माणूस रुपालीचा फोटो पेपरात आला तर त्या पानात बोंबील बांधून आणायला लागला. कोणी रस्त्यात भेटून नुसतं "ऊन काय पडलंय!" म्हणालं तरी ह्याला वाटायचं, टोमणा मारला. कारण काय? निवड कोणाची? रुपाली चोगलेची!

शेवटी ठरवलं, तक्रार करायची. पण तक्रारीला पुरावा नको? म्हणून एक दिवस टोपी घालून, गॉगल लावून, जयगडहून फेरीबोट धरून खाडी ओलांडली आणि गाठलं गुहागर. कारखान्याच्या दारात जाऊन म्हणतो कसा, "माझी पुतणी आहे, तिच्यासाठी चौकशी करायची होती." रुपाली म्हणाली, "या ना काका, बघा." काका! सदूला! तिथेच अर्धा जीव गेला.

आत बघतो तर हॉल कसला, पत्र्याची शेड. पण पोरी... काय सांगू! मासेवाल्यांच्या सुना, बागायतीतल्या लेकी, साडीचा काष्टा मारून, ड्रेसची ओढणी कमरेला बांधून, स्क्रू पिळताहेत, वायरी सोलताहेत, आणि हसताहेत वर! सदूच्या वर्गात कधी कोणी हसलं नव्हतं हो. आपल्या हॉलमध्ये एसीचा आवाज तेवढा होता, हे त्याला पहिल्यांदा ऐकू आलं म्हणा ना!

एवढ्यात मागच्या अंगणात, भर उन्हात, राही नावाची एक पोर प्लेटांची वायर ओढून काढायला गेली. बटण चालूच! आणि सदू विसरला सगळं, टोपी विसरला, पुतणी विसरला, तक्रार विसरला, असा ओरडला, "हात काढ! काढ आधी हात! ऊन आहे तोवर प्लेट जिवंत असते, मेल्ये! आधी बटण बंद कर! जाळ उडेल तोंडावर!"

पोर जागच्या जागी थिजली. सदूची टोपी खाली पडलेली, गॉगल एका कानाला लोंबतोय.

रुपालीने बघितलं आणि म्हणाली, "पाष्टे सर ना तुम्ही? मिरजोळ्याचे?"

संपलं! पण तुम्हाला सांगतो, पुरावा मिळाला होता! अस्सल, डोळ्यांनी बघितलेला पुरावा! एवढं जाऊन कचेरीत सांगितलं असतं तर अनुदान गुहागरहून सुटून मिरजोळ्याला! आणि रुपालीलाही ते कळलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "सर, तक्रार करा. खरीच आहे. शिकवायला माणूस येतो, महिन्याभरात मुंबईला जातो. मी एकटी किती ठिकाणी बघू? पण तक्रार करून झाली की एवढं सांगा, ह्या मुलींना मग शिकवणार कोण?"

सदूने राहीकडे बघितलं. टोपी उचलली, गॉगल खिशात घातला, अंगणात गेला, बटण बंद केलं आणि म्हणाला, "इकडे या सगळ्या. लांब उभ्या राहा. परत दाखवतो."

फेरीबोट चुकली त्याची त्या दिवशी.

आता आठवड्यातून तीन दिवस जातो गुहागरला. पोरी 'सर, सर' करतात. पण संस्था कोणाची? तिची. अनुदान कोणाला? तिला. मंत्री आले की हार कोणाच्या गळ्यात? तिच्याच! सदू मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवतो, आणि घरी येऊन वहिनीपुढे सगळं ओकतो, फोटोत मी अर्धाच आलो, रुपालीने माझं नाव घेतलं नाही, शिकवलं कोणी, मिरवतंय कोण!

काशीवहिनी शांतपणे आमटी वाढते. "काय वो, अजून जळताय?"

"जळतो! खोटं कशाला सांगू? जळतो!"

"जळा," वहिनी म्हणाली. "हल्ली धूर येत नाय, तेवढा बरा."