समोरच्या रांगेतली बोटं

—बसा वहिनी, बसा, तेवढी तारीख लिहू द्या. अकरा डिसेंबर. सकाळी धुकं, आता कोरडं ऊन, वारा नाही. जुनं वेड आहे माझं. या मदत टेबलावर बसायला लागलो तेव्हापासून रोजचं — कोणता माजी सैनिक आला, कोणता कागद कमी पडला, कुणाला कोणत्या खिडकीवर धाडलं, सगळं या वहीत. तर तुम्हाला आलेलं हे नकाराचं पत्र. वाचलं, दोनदा वाचलं. सेवेतून बाहेर पडताना दोन्ही कान उत्तम, बहिरेपण नंतरचं — म्हणून अपंगत्वाचं पेन्शन नाही, कानाचं यंत्र नाही, इलाज नाही. अपिलाची मुदत आज पाचपर्यंत. आत्ता चार वाजून दहा झालेत — घाबरू नका, खिडकी खालच्याच मजल्यावर आहे.

बाहेर बाकावर बसलाय ना तो? दिसतोय काचेतून. फौजेतही असाच ताठ बसायचा, म्हणून आम्ही खांब म्हणायचो. तुमच्या प्रत्येक बोलण्याला हो-हो करतो? अहो, गुणाचा नवरा म्हणून नाही, ऐकूच येत नाही त्याला! हसा, हसलात तर बरं वाटेल. त्याचा पाय कसा आहे आता? ट्रक हॉर्न वाजवत मागे येतोय आणि हा गडी पाठ करून उभा — या वेळी पायावर निभावलं. पुढच्या वेळी? तेच म्हणतोय मी.

कान कधी गेले? नोकरीच्या आठव्या वर्षी. आम्ही दोघं एकाच तोफेवर. कळलं असतं तर त्याला तोफेवरून काढून गोदामात बसवलं असतं, बढती गेली असती. तेव्हा कुणाला कळू द्यायचं नाही, हे आमचं ठरलेलं. तपासणीत डॉक्टर सहा पावलं मागे उभा राहून हळूच आकडा म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मी समोरच्या रांगेत. डॉक्टर तीन म्हणाला की माझी तीन बोटं पँटवर. हा ओरडायचा — तीन! बारा वर्षं, एकदाही चुकला नाही. आम्हाला काय अभिमान होता त्याचा!

शेवटच्या तपासणीत काय झालं? — तेच सांगतोय. घरी जायचा दिवस. त्या दिवशी बहिरा ठरला असता तर पेन्शन तेव्हाच लागलं असतं, आज तुम्ही इथे आला नसता. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण डॉक्टर पाच म्हणाला आणि माझा हात... विचार केलाच नाही हो. पाचही बोटं पसरली. हा ओरडला — पाच! कागदावर आलं, श्रवण उत्तम. गाडीत बसेपर्यंत आम्ही हसत होतो.

असं बघू नका. साक्षीदार आणायचा कुठून म्हणत होतात ना? हा घ्या. बोटांचं सगळं कबूल करून रात्रीच लिहिलंय, सहीसकट. टेबल जाईल माझं, माझ्या गुडघ्याचं पेन्शनही पुन्हा तपासतील. तपासू दे. फक्त खाली अर्जदाराची सही हवी. बोलवा त्याला आत.

ये खांबा. वाच. — अजून बोट ठेवूनच वाचतो, बघा. वाचलंस? मग माझ्याकडे काय बघतोस, इथे सही कर. मान कसली हलवतोस? माझं मी बघीन! वहिनी, त्याच्यासमोर उभ्या राहून सांगा, ओठ दिसले पाहिजेत — अरे ओरडू नकोस, सगळं ऑफिस वळून बघतंय — मित्राला बुडवून कान नकोत म्हणे! आता कसला मित्र, गाढवा, त्यांना बघ, या बाईकडे बघ — ए, फाडू नकोस! दे इकडे! वहिनी, हात धरा त्याचा, मी दुसरा लिहितो, पाच मिनिटांत लिहितो, तो फक्त — खांबा! खांबा, थांब!

जा वहिनी. तुम्ही जा त्याच्याबरोबर. जिन्यात मागून कुणी आलं तर त्याला कळायचं नाही.

खिडकी पाच वाजता बंद झाली. अपील दाखल झालं नाही.