झेंडूचा हार आणि पिवळा दिवा

आमच्या मेव्हण्याची हुशारी सांगतो, ऐका. दसऱ्याला या गड्यानं आपली गाडी पुजली आणि दुसऱ्याच दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागला. मेस्त्रीकडं जाईल तर शपथ. ऑनलाइन स्कॅनर मागवला. त्यात कोड आला, इंजिनला हवा कमी मिळतीया. यानं हवेचा सेन्सर बदलला. दिवा तसाच. परत बदलला, तरी तसाच.

शेवटी मीच त्याला खासबागला मेस्त्री अण्णाकडं नेलं. अण्णानं बॉनेट उघडलं आणि हवेच्या पाइपात ओढला गेलेला झेंडूचा हार बाहेर काढला.

"ह्यो कुणी घातलता?"

"मीच. पूजा इंजिनची करायची न्हाय तर कशाची?"

"सेन्सर खरं सांगत हुता रं," अण्णा म्हणाला. "तू त्यालाच दोनदा काढून टाकलास."

घरी येताना मेव्हणा मला म्हणतोय, "पर स्कॅनर लई भारी निघाला, न्हाय?"