आत्याची कुंची

(वडवणीचा आठवडी बाजार, सकाळची वेळ. कडूबाई कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली आहे. तलवाड्याहून आलेला धाकटा भाऊ हरिओम तिच्यासमोर उकिडवा बसला आहे.)

हरिओम — तसं न्हाई, अक्का. माझ्या पोरीच्या बारशाला येऊ नको असं कोण म्हणलंय? ये. फक्त टिकली लावून ये.

कडूबाई — आन् न्हाई लावली तर?

हरिओम — तर उज्ज्वला नाव ठेवंल.

कडूबाई — उज्ज्वला चुलत हाय. सख्खी आत्या जित्ती असताना पाळण्यापाशी चुलत उभी राहणार?

हरिओम — आई तेच म्हणती. पण माझे सासरे ऐकंनात. विठ्ठलराव सगळ्यांपुढं म्हणले, चर्चात जाणारी बाई लेकराच्या कानाला तोंड लावणार, कुर्र करून आत काय सांगंल, कुणाला ऐकू येतंय?

कडूबाई — बारा दिवसांच्या पोरीला मी काय सांगणार रे?

गिऱ्हाईक — बाई, जुडी ताजी हाय का?

कडूबाई — सकाळी उपटलीय. मुळाची माती बघा, अजून ओली हाय.

गिऱ्हाईक — लई बारकी हाय पण.

कडूबाई — मग त्या पलीकडच्या ढिगातली घ्या. मोठी हाय, पण कालची हाय.

गिऱ्हाईक — ऱ्हाऊ द्या. ह्याच द्या दोन.

हरिओम — असं तोंडावर सांगत्यात का? धंदा कसा व्हायचा तुझा?

कडूबाई — दोन नेल्या की तिनं. तू टिकलीचं बोल.

हरिओम — टिकलीचं काय एवढं? चिकटवायची असती. स्टँडवर उतरलीस की लाव, परत गाडीत बसलीस की काढ. तुझ्या देवाला काय कळतंय?

कडूबाई — कळत नसंल तर त्याच्याकडं जाऊ कावून?

हरिओम — तेच विचारतो. गेलीस कावून? बरी झालीस म्हणून?

कडूबाई — कुठं बरी झाले? पाठ अजून धरती.

हरिओम — मग?

कडूबाई — गर्भाची पिशवी काढली तवा मी सव्वीस वर्षांची. फडात पहिल्यासारखं वाकता येईना. नवऱ्यानं दुसरी केली आन् तिला घेऊन माजलगावकडं ऊस तोडायला गेला. मी मुकादमाला म्हणलं, मला एकटीला घ्या. तो म्हणला, नवरा-बायको मिळून एक कोयता. तू अर्धा कोयता. अर्ध्याला आमी घेत न्हाई.

हरिओम — घरी यायचं मग.

कडूबाई — आलते की. तू मेंढरामागं लांब गेलता. आईनं ओसरीवर अंथरूण टाकून दिलं. तिसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, किती दिवस राहणार.

हरिओम — आबा गेले आता, अक्का.

कडूबाई — राग न्हाई त्यांच्यावर. तू विचारलंस म्हणून सांगते. इथं बाजारात भाजी विकणाऱ्या सुभद्राबाईनं खोली दिली. पाठ धरून पडले तवा सव्वा महिना न्हाऊ घातलं, माझी लुगडी धुतली. चर्चाचं नावसुद्धा काढलं न्हाई. मग एका रविवारी मीच म्हणलं, कुठं जातीस, मीबी येते. तिथं एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतेत. माझ्यापाशी आले तवा नुसतं ‘कडूबाई’ म्हणले. अमक्याची बायको न्हाई, तमक्याची लेक न्हाई. एकटीला पुरं मोजलं.

हरिओम — एवढ्यासाठी?

कडूबाई — तुला एवढंसं वाटतंय. तुला कुणी अर्धं मोजलं न्हाई.

हरिओम — लोक म्हणत होते, पाण्यात बुडवून नवं नाव ठेवत्यात.

कडूबाई — पास्टरांनी विचारलं. मरियम ठेवायचं का, रूथ ठेवायचं का. मी म्हणलं, कडूबाईच राहू द्या.

हरिओम — चांगलं नाव मिळत होतं की.

कडूबाई — माझ्या आधीची तीन गेली. मरणानं तोंडात घालून थुंकावं म्हणून आईनं मला कडू ठेवलं. भ्यायली होती ती. पण जगवायलाच ठेवलं ना? ते टाकू कसं?

हरिओम — मग आई तरी दुसरं काय म्हणती? आमचीबी दोन गेली. कागदावर पोरीचं नाव संस्कृती लिहायचं, पण कानात ‘कडू’ सांगायचं. आन् त्या नावानं जी जगली तिनंच सांगायचं, तरच लागू पडतंय. सासऱ्यांना मी समजावतो. तू फक्त बिरोबाची शपथ घे, कानात कडूच सांगंन, दुसरं काय न्हाई.

कडूबाई — शपथ न्हाई घेत मी.

हरिओम — बरं, तुझ्या येशूची घे.

कडूबाई — त्यानंच सांगितलंय, शपथा घेऊ नका. हो तर हो, न्हाई तर न्हाई.

हरिओम — मग नुसतं हो म्हण. मला तेवढं पुरं.

कडूबाई — न्हाई.

हरिओम — काय न्हाई?

कडूबाई — कडू सांगणार न्हाई मी. पोर आत्ता कुठं डोळे उघडाय लागली, तिला पहिलं काय सांगायचं, तर तू कडू? मरण नावाला भीत न्हाई, हरी. मी जगले ते आईनं रातंदिस छातीशी धरलं म्हणून.

हरिओम — म्हणजे येशूचं नाव सांगशील.

कडूबाई — बारसं पोरीचं, नाव त्याचं कावून? संस्कृती सांगंन. कागदावर हाय तेच. तिला एक नाव बास झालं.

हरिओम — खोटं हो म्हणली असतीस तरी चाललं असतं. कानात काय सांगितलं, कोण ऐकायला येतंय?

कडूबाई — ठाऊक हाय.

हरिओम — मग उज्ज्वलालाच बोलवावं लागंल.

कडूबाई — बोलव. ही कुंची तेवढी ने. वरून खण हाय, आतून आईचं जुनं लुगडं. उज्ज्वलाला म्हणावं, गळ्यापाशी बंद सैल बांध.

हरिओम — हातानं शिवलीस?

कडूबाई — मशीन कुठंय माझ्याकडं? लई येळ बसवत न्हाई, म्हणून आठ दिवस लागले.

हरिओम — घडी घाल आन् ठेव तुझ्या पिशवीत.

कडूबाई — नेत न्हाईस?

हरिओम — आत्याची कुंची आत्यानंच आणायची असती. उद्या सकाळच्या गाडीनं ये.

कडूबाई — आन् टिकली?

हरिओम — ऱ्हाऊ दे. विठ्ठलरावांना मी सांगतो.

कडूबाई — काय सांगशील?

हरिओम — आमची अक्का कालची जुडी आजची म्हणून विकत न्हाई.

कडूबाई — आन् आईला?

हरिओम — आईला तूच सांग. माझी न्हाई हिंमत.

कडूबाई — नाव ठेवल्यावर बायका आत्याच्या पाठीत गुद्दे घालतेत. हळू घाला म्हणावं.

हरिओम — म्हणतो. पण येशील ना नक्की?

कडूबाई — हो.