वानराने परत केलेला डबा

दिनानाथ : …विश्वास कोणाचाच बसणार नाही, प्लासिड, ते मला आधीच ठाऊक आहे. म्हणून तर म्हणतो, लेटरहेडवर लिहा. हॉटेलचा गोल शिक्का पडला की वानरसुद्धा खरं वाटतं.

प्लासिड : काका, तुम्ही डबा मागायला आलात ना? हा घ्या. काल टेबलाखाली राहिला होता. इथे सही करा आणि न्या. लेटरहेड कशाला?

दिनानाथ : नुसता डबा नेऊन काय करू? बायकोला सांगून बसलोय, तुंगारेश्वरला वानराने पळवला. आता वानराने पळवलेला डबा हॉटेलच्या पिशवीतून घरी आला, तर तो कसा आला ते नको सांगायला? तिथे तुमची मदत हवी. लिहा, ‘दाखला देण्यात येतो की…’

प्लासिड : सात वर्षं झाली मला मॅनेजर होऊन. लोकांचे चष्मे राहतात, छत्र्या राहतात, एकाची कवळी राहिली होती. वानराचा दाखला अजून कोणी मागितला नाही.

दिनानाथ : मग पहिला मान आपला. ‘श्रावणातल्या चौथ्या सोमवारी, दिनांक सतरा ऑगस्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी, श्री. दिनानाथ राऊत हे कडक उपास धरून तुंगारेश्वराच्या दर्शनास पायी निघाले…’

प्लासिड : रिक्षातून उतरलात तुम्ही. आमच्या दारात.

दिनानाथ : रिक्षापर्यंत पायीच गेलो होतो. पुढे घ्या. ‘दर्शन आटोपून ते पत्नीने दिलेला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडणार, तोच झाडावरून एक वानर…’ केवढं लिहू या?

प्लासिड : वानराएवढं.

दिनानाथ : छे! घरी मी वासराएवढं सांगितलंय. वासराएवढंच लिहा. शेपूट दहा हात. आणि डोळ्यांत एक समज, पोस्टमास्तरच्या असते तशी.

प्लासिड : आणि एवढा डोंगर उतरून ते इथे हायवेवर आलं? डबा घेऊन?

दिनानाथ : विटांच्या ट्रकवर बसून. ‘सदर वानर हॉटेलात शिरले, चार नंबरच्या टेबलावर डबा ठेवला, दोन्ही हात जोडले आणि शांतपणे निघून गेले.’

प्लासिड : हात जोडले?

दिनानाथ : श्रावण आहे. थोडा भक्तिभाव नको?

प्लासिड : चार नंबरवर काल तुम्ही होता. चिंबोरीचं कालवण, तांदळाच्या दोन भाकऱ्या, वर कोलंबी फ्राय. नांग्या फोडायचा आवाज किचनपर्यंत येत होता.

दिनानाथ : हळू बोला हो! ते दाखल्यात नको.

प्लासिड : तुम्हीच मोठ्याने बोला, काका. या पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही.

दिनानाथ : अहो, तुम्हाला गंमत वाटतेय. हे सोमवार मी मागून घेतलेत, अख्ख्या बिल्डिंगसमोर. हिचे गुडघे गेले, हिला आता डोंगर चढवत नाही. म्हटलं, सरू, तुझ्या वाटचं मी चालतो. तेव्हापासून ही बाई दर सोमवारी पहाटे उठते, दाणे कुटते, गरम खिचडी डब्यात भरून फडक्यात बांधून देते.

प्लासिड : मग आधीच्या तीन सोमवारांची खिचडी कुठे गेली?

दिनानाथ : जवळ या, कानात सांगतो. तुमच्या मागच्या गल्लीत एक तांबडी गाय आहे ना? तिचा श्रावण एकदम कडक चाललाय. काल चिंबोरीच्या नादात गाय राहिली आणि डबाही राहिला.

प्लासिड : काका, सांगून टाका काकींना. आमच्यात कन्फेशन असतं. गुडघे टेकायचे, बोलायचं, मोकळं व्हायचं.

दिनानाथ : तुमचा फादर जाळीपलीकडे बसतो. आमच्याकडे मध्ये जाळी नाही. गेल्या वर्षी तिला माझ्या खिशात विडीचं बंडल सापडलं. मी म्हटलं, शेजारच्या शत्रुघ्नचं आहे, सांभाळायला दिलंय. तिने भांडी घासली, हात पुसले, आणि म्हणाली, ‘आणखी एक थाप सापडली की मी वटारला भावाकडे जाणार. परत येणार नाही.’ ओरडली असती तर मी घाबरलो नसतो हो. पण ती ओरडलीच नाही.

प्लासिड : आणि त्यावर उपाय म्हणून वासराएवढं वानर.

दिनानाथ : बारकी थाप चटकन पकडली जाते. मोठीला हात पुरत नाहीत. चला, मारा शिक्का.

प्लासिड : असल्या दाखल्याला साक्षीदार लागेल.

दिनानाथ : एवढंच ना? त्या खांबाआड कोणी बाई बसल्यात पाठमोऱ्या, त्यांनाच घेऊ. अहो बाई! तुम्ही पाहिलंत ना वानर काल?

सरोजिनी (पाठमोरीच) : काल नाही पाहिलं. आज बघतेय.

दिनानाथ : सरू! तू इथे? आणि गुडघे?

सरोजिनी : गुडघेही आलेत बरोबर.

प्लासिड : फोन मी केला होता, काका. काल संध्याकाळी. सूचनांच्या वहीत तुम्हीच नंबर लिहिलाय, ‘चिंबोरीत तिखट वाढवा’ याच्याखाली. काकींनी उचलला. मी म्हटलं, डबा राहिलाय, घेऊन जा. मला काय ठाऊक वानर?

दिनानाथ : सरू, ऐक माझं. कालचं सोड. काल घसरलो, कबूल. पण आधीचे तीन सोमवार, तुझ्या गळ्याची शपथ, खिचडीच खाल्ली. डबा चाटूनपुसून. घरी येऊन तुला सांगितलं नव्हतं का, अशी खिचडी जन्मात झाली नाही म्हणून?

सरोजिनी : सांगितलंत ना. पहिल्या सोमवारी मी मीठ घालायलाच विसरले होते. तुम्ही गेल्यावर माझ्या ताटातला घास घेतला तेव्हा कळलं. दिवसभर जिवाला लागून राहिलं, माणूस उपाशीपोटी डोंगर चढणार आणि वर जाऊन अळणी खाणार. संध्याकाळी तुम्ही आलात आणि म्हणालात, अशी खिचडी जन्मात झाली नाही. पुढच्या सोमवारी मग मुद्दामच नाही घातलं. त्याच्या पुढच्याला नाही. काल नाही. वाट बघत होते, एकदा तरी म्हणाल, सरू, मीठ विसरलीस.