काळ्या कोटावरचं पीठ

...नाही, पीठ काही आपोआप उडत नाही, हो! तुम्हीच सांगा, बायको शनिवारी चर्चमध्ये फुलं रचायला जाते आणि परत येते तेव्हा काळ्या कोटावर पांढरं पीठ? फुलांना पीठ लागतं का? मी शिकलेला नाही, जन्म सूतगिरणीत गेला, पण एवढं कळतं मला!

तुम्हाला सांगतो, डॉक्टरनं माझा बार्म बंद केला. तोच हो, पीठ भुरभुरलेला मऊ गोल पाव, आत लोणी न् बेकन. तर ऑलिव्ह म्हणाली, "तुझ्यासाठी मीही सोडते, विल्फ." बेचाळीस वर्षांच्या संसारात इतका गहिवरलो नव्हतो! मग पीठ कुठलं? आता आमच्या गल्लीतला सिरिल... विधुर. बायको गेल्यापासून घरी पाव भाजतो. आणि ऑलिव्ह दिसली की टोपी काढतो! माझ्यासाठी काढली कधी? पीठ काही आपोआप उडत नाही!

मग एका शनिवारी निघालो मागोमाग. गुडघे कुरकुरतायत... ही चर्चवरून सरळ पुढं! पुढं सिरिलचं दार... तिथं थांबते की काय, मी डोळेच मिटले... उघडले तर ही थेल्माच्या बेकरीत शिरतेय! म्हटलं, सिरिल आतच वाट बघत बसला असणार. जावं न् रंगेहाथ पकडावं, तर दारापर्यंत रांग! आमच्या लँकशायरात बायको पळाली तर लोक हळहळतील, पण रांग मोडलीत तर बोलणं टाकतील. राहिलो उभा. मान वाकडी करून बघतो, तर कोपऱ्यात ऑलिव्ह, पाठमोरी, एकटी... बेकन-बार्म हाणतेय! सिरिल नाही हो, बार्म! डोळेच भरून आले माझे. आता मोठ्या मनानं माफ करणार, तेवढ्यात माझा नंबर आला आणि थेल्मा खणखणीत ओरडली,

"काय राजा, मंगळवार सोडून आज शनिवारी? नेहमीचंच ना? बेकन करकरीत?"

ऑलिव्ह वळली. ओठांवर पीठ.

"नेहमीचंच?" म्हणाली. मग हळूच, "राजा?"

अहो, थेल्मा पोस्टमनलाही राजा म्हणते, त्याच्या कुत्र्यालाही म्हणते! पण ऐकतंय कोण?

आता ठरलंय, शनिवारी दोघांत मिळून एकच बार्म, निम्मा-निम्मा. कापते ती. माझ्या निम्म्यात बेकन कमी असतं, असा मला दाट संशय आहे... पण बोलणार काय? सुरी तिच्या हातात!