कोपऱ्यातली झाडं

...आणि वर बाई मलाच विचारतात हो, 'काका, या कोपऱ्यातलीच झाडं का मरतात?' आता काय सांगू!

तुम्हाला सांगतो, कारखाना बंद पडला, मी तिथलाच कामगार, तिथलाच चौकीदार झालो. मग या माती तपासणाऱ्या बाई आल्या. म्हणाल्या, 'जमिनीत तेल मुरलंय. झाडं लावू, मुळाशी जंतू सोडू. मुळं जंतूंना पोसतील, जंतू तेल खातील.' मी घरी सांगितलं तर बायको म्हणते, 'बघा, जंतूसुद्धा कामाला लागले!'

बाकी मैदानात झाडं कशी डोक्याएवढी! पण तो कोपरा...? तीन वर्षं झाली, लावलं की जळालं, लावलं की जळालं! बाई रोपं बदलतात, जंतू बदलतात, उन्हात उकिडव्या बसून म्हणतात, 'माझंच काहीतरी चुकतंय, काका.' मी आपला गप्प.

कारण तिथं मीच ओतायचो ना! यंत्राचे भाग धुतलेलं ते जळजळीत पाणी. दर शनिवारी दोन पिंपं, बारा वर्षं! मुकादम ओरडायचा, 'ओत रे मागं, माती पिते सगळं!' माती कसली पिते? भिंतीपलीकडं माझ्या ताईचं घर, तिच्या अंगणात हातपंप... परवा ती पेला घेऊन आली. 'अरे, वास घे बरं. माझ्याच नाकाचा दोष आहे का?' घेतला वास. बारा वर्षांच्या ओळखीचा वास!

तसाच पळत गेलो आणि बाईंना सगळं सांगून टाकलं, एका दमात! रागावतील वाटलं. त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं. 'तीन वर्षं, काका... आधी का नाही बोललात?' मग म्हणाल्या, 'आजपासून पंपाचं पाणी बंद. ती माती उकरू, वेगळी ठेवून आधी जंतूंना देऊ, झाडं नंतर.'

'किती दिवस लागतील?'

'दिवस? पंधरा वर्षं धरा.'

मी एकसष्टचा! ताईलाही सांगितलं. तिनं पेला मोरीत ओतला, दोन रिकामे कॅन माझ्यापुढं ठेवले आणि आत गेली.

तेव्हापासून सकाळी जंतूंच्या मातीला पाणी, संध्याकाळी ताईला पाणी... आणि तुम्हाला सांगतो, दोघांपैकी कुणीही माझ्याशी एक शब्द बोलत नाही!