वच्छलेचा रंगीत फोटो

…अन् वरून मलेच विचारते, पावडर काहून लावली! मले! सीताबर्डीवर सव्वीस वर्षं झाली साड्या विकून राहिलो मी. बाई दुकानाची पायरी चढते न चढते तं मी नुसता चेहरा पाहतो, थप्पीतून एक साडी ओढतो, आरशापुढे खांद्यावर टाकतो, अन् बाई म्हणते, अगबाई, हीच तं पाहिजे होती! धंतोलीच्या वकिलीणबाई म्हणा, भिवापूरच्या मिरचीवाल्यांच्या सुना म्हणा, लग्नाचा बस्ता घ्यायले आल्या का माझ्याच गादीपुढे बसणार. रंगाचं मले विचारा, बाप्पा! अन् हा मनोहरराव फोटोवाला, ज्याच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली का तिसऱ्याले रस्त्यावर थांबा लागते, तो मले शिकवते!

तुमाले सांगतो, झालं काय… आमच्या लग्नाले पंचवीस वर्षं झाली होती. माझी बायको वच्छला, तिनं जन्मात काही मागितलं नाही, ती म्हणाली, एक रंगीत फोटो काढू. रंगीत म्हणजे कसा, फोटो काळापांढराच निघते, मंग मनोहरराव कापसाच्या बोळ्यानं त्याच्यावर रंग चढवते. गाल, ओठ, साडी, सगळं हातानं. म्हणून त्याच्या अटी तरी किती! सकाळी नवाच्या आत या, तेव्हा दारातून सारखा उजेड येते. तोंड धुऊन या. पावडर नको, तेल नको, केस कानामागे. मान सरळ. चेहरा आहे तसा मले दिसू द्या, म्हणे, मंग कोणता रंग कुठे ते मी ठरवतो. तू ठरवते? मंग मी काय इतकी वर्षं भजे तळले?

पावडर मीच लावली, खोटं काहून बोलू. वच्छला सावळी. सावळी म्हणजे… चांगलीच सावळी. अन् आमच्या धंद्यातला पक्का नियम आहे, सावळ्या बाईले फिका रंग द्या, उजळ दिसते. म्हणून तिले कायम बदामी, मोतिया, नाही तं फिका पिस्ता. दर दिवाळीले मीच निवडायचो, मीच घरी नेऊन द्यायचो. ती घडी उलगडायची, चांगली आहे म्हणायची, अन् नेसायची. तिले विचारायची गरजच काय, रंगाचं मले विचारा नं!

तं गेलो. ती बदामी साडीत, वरून पावडर. मनोहररावानं पाहिलं, कपाळाले हात लावला, अन् सरळ तिले मागच्या नळावर तोंड धुवायले पाठवलं. माझ्या बायकोले! मी आपला बाकावर फुगून बसलो. ती आली, दाराजवळच्या स्टुलावर बसली. हा गडी तिच्याकडे पाहते, डोकं तिरपं करते, पुन्हा पाहते, अन् मंग खुंटीवरून त्याच्या बायकोची शाल काढते, गडद डाळिंबी, अन् वच्छलेच्या खांद्यावर टाकते, थेट हनुवटीखाली. म्हणते, ताई, आरशात पाहा.

आता काय सांगू तुमाले… मले दिसलं हो. इतक्या वर्षांची नजर आहे, न दिसून जाते कुठे? तिचे डोळे मोठे झाल्यासारखे वाटले, कातडीवर एक तजेला आला. हा चेहरा रोज माझ्यापुढे भाकर वाढते, अन् मी आजवर पाहिलाच नव्हता. ती आरशात पाहून हसली. दात दिसतील इतकी हसली. मले म्हणाली, "अहो, पाहा नं. हा रंग मले शोभते का?"

अन् मी काय म्हणावं? परका माणूस खरा ठरून राहिला होता नं, माझ्यादेखत, माझ्याच बायकोच्या चेहऱ्यावर! मी म्हटलं, "काढ वं ते. काळी दिसून राहिली."

तिनं शालीची नीट घडी केली, मनोहररावाच्या हातात दिली, पदर सारखा केला अन् बसली. फोटो निघाला. बदामी साडीत, मान सरळ, केस कानामागे. त्याच्या सगळ्या अटी पाळल्या, अन् माझीही पाळली.

पुढच्या वर्षी ताप आला तिले. अकरा दिवस. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, सगळं केलं… गेली.

मंग तो फोटो भिंतीवर लागला. दुसरा होताच कुठे? जे येते ते त्याच्याकडे पाहते अन् म्हणते, वहिनी थकलेल्या दिसतात हो. थकलेली नाही, बाप्पा! तिले मी नुकतंच काळी म्हटलं आहे! पण हे कोणाले सांगता? सहा महिने मी त्या फोटोखाली जेवलो, अन् एका सकाळी उतरवला, पेपरात गुंडाळला अन् गेलो मनोहररावाकडे. म्हटलं, साडी डाळिंबी करून द्या. रंगाचं मले विचारा म्हणणारा मी, त्याच्यापुढे हात जोडून उभा होतो.

त्यानं फोटो दारातल्या उजेडात धरला. चांगला माणूस आहे, टोमणा मारला नाही. म्हणाला, "साडीचं काही नाही, गिरिधरभाऊ. फिक्यावर कोणताही रंग चढते, परवा घेऊन जा. पण चेहरा त्या वेळचाच राहीन. शाल काढून घेतल्यावरचा. तो नाही बदलता येत मले."

मी फोटो परत गुंडाळला अन् घरी आणला.

आता दुकानातलं ऐका. मागच्या महिन्यात कांताबाई आल्या, जुन्या गिऱ्हाईक, म्हणाल्या, गिरिधरभाऊ, मले कोणता शोभन ते काढा. अन् माझ्या तोंडून निघून गेलं, बाई, तुमाले कोणता आवडते? ती माझ्याकडे पाहतच राहिली. साडीच्या दुकानात तिले हे आजवर कोणी विचारलंच नसन! दीड तास तिनं पन्नास साड्या चेहऱ्याले लावून पाहिल्या, अन् काही न घेता घरी गेली, विचार करून येतो म्हणे. मंग दुसरी तशीच गेली, मंग तिसरी. चौथ्या दिवशी मालकानं बोलावलं. गिरिधर, म्हणते, तुमची नजर गेली आता, तुमाले रंग समजून नाही राहिला.

मी हो म्हटलं. आता मले धोतराच्या गादीवर बसवलं आहे. बरं आहे तिथं… गिऱ्हाईक येते, लांबी विचारते, पन्हा विचारते, घेऊन जाते. रंग कोणी विचारत नाही.